प्रश्नावलीत ‘दयामरण’ लिहावे की ‘इच्छामरण’?

प्रश्न : नर्सिंगच्या विद्यार्थ्यांची ‘युथनेशिया’बद्दलची (असह्य त्रासातून सुटका म्हणून रुग्णाला मरण देणे किंवा येऊ देणे) मते विचारणारी मराठी प्रश्नावली करायची आहे. शब्द कोणता घ्यावा?

शीर्षकात ‘दयामरण’ ठेवा. विधानांत मात्र दोन्ही शब्द नकोत.

‘इच्छामरण’ म्हटले की आपल्याला भीष्म आठवतात. शरपंजरी उत्तरायणाची वाट पाहणारे, वेळ स्वतः ठरवणारे. तिथे डॉक्टरचा संबंधच नाही. ‘दयामरण’मध्ये दया करणारा दुसरा कोणीतरी आहे, पण रुग्णाची संमती होती का, ते कळत नाही. अरुणा शानभाग प्रकरणात (हल्ल्यानंतर अनेक वर्षे अचेतन अवस्थेत असलेली मुंबईची परिचारिका) रुग्ण स्वतःची इच्छा सांगूच शकत नव्हती, तरी ‘इच्छामरण’ हा शब्दही वापरला गेला. त्यामुळे एखादी विद्यार्थिनी इच्छामरणाला ‘हो’ आणि दयामरणाला ‘नाही’ म्हणाली, तर तिचा गोंधळ झालाय असे समजू नका. तिने दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे दिली आहेत.

खरी डोकेदुखी ‘निष्क्रिय दयामरण’ची, म्हणजे उपचार थांबवून मरण येऊ देण्याची. मराठीत निष्क्रिय असते ते प्रशासन. शब्दात ठपका आहेच. शिवाय व्हेंटिलेटर काढायला कोणाचा तरी हात लागतोच, मग निष्क्रिय कसे? सर्वोच्च न्यायालयाने २०११ आणि २०१८च्या निकालांत सक्रिय-निष्क्रिय हीच विभागणी वापरली, पण आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१८च्या परिभाषेत ‘पॅसिव्ह युथनेशिया’ हा प्रयोग टाळायला सांगितले आहे.

म्हणून कृती लिहा, आणि ती कोण करतो व कोणाच्या सांगण्यावरून, तेही लिहा :

‘बऱ्या न होणाऱ्या रुग्णाने स्वतः मागणी केल्यास डॉक्टरांनी प्राणघातक इंजेक्शन द्यावे.’ (भारतात गुन्हा.)

‘रुग्णाने लिव्हिंग विलमध्ये लिहून ठेवले असल्यास व्हेंटिलेटर काढावा.’ (लिव्हिंग विल म्हणजे पुढे बोलता आले नाही तर कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवणे. २०१८पासून मान्य, २०२३च्या सुधारणेनुसार दोन वैद्यकीय मंडळांच्या संमतीने.)

‘लिव्हिंग विल’ तसेच राहू द्या. ‘इच्छापत्र’ केलेत तर निम्मे लोक घर-जमिनीच्या वाटणीचा विचार करतील.

वेदनेसाठी मॉर्फीन देणे आणि सीपीआर (बंद पडलेले हृदय छाती दाबून पुन्हा सुरू करणे) न देणे यांची विधाने वेगळी ठेवा. त्यांना दयामरणात मोजले की आकडे फुगतात. ‘डामा’ही (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज) वेगळा. पैसे संपले म्हणून नातेवाइकांनी सही करून रुग्णाला घरी नेणे वॉर्डात नेहमीचे. विद्यार्थी त्यालाच दयामरण समजून उत्तर देतात की काय, हे आधी दहा-बारा जणांना तोंडी विचारून पाहा.

पर्यायांत मधल्या घरात ‘तटस्थ’ नको. ‘ठरवता येत नाही’ लिहा, आणि ‘विधान समजले नाही’ याला निराळे घर द्या.