वाचकांचे प्रश्न : अ‍ॅम्प तापतोय, घुंघुं करतोय आणि एक तर पुरात भिजलाय

प्रश्न : दादा नमस्कार, मी कोल्हापुरातल्या राजारामपुरीतला, डिप्लोमाला आहे. टीडीए ७२९४ आयसीचे दोन बोर्ड आणून घरी स्टिरिओ अ‍ॅम्प बनवलाय. ट्रान्सफॉर्मर २४-०-२४, ५ अँपिअर. दोन्ही बाजूला ८ ओहमचे दोन-दोन स्पीकर पॅरललमध्ये. आवाज मस्त आहे पण मोठ्यानं लावलं की वीस-पंचवीस मिनिटांनी एक बाजू बंद पडतीय आणि दोन मिनिटांनी आपोआप चालू होतीय. दुकानात म्हणाले पॉवर कमी पडतीय, ३५-०-३५ चा ट्रान्सफॉर्मर टाक. टाकू का? आणि स्पीकरमधनं सारखं घुंघुं येतंय, ते जाईल का त्यानं?

उत्तर : नको भावा, अजिबात टाकू नको, तुझा अ‍ॅम्प बंद पडतोय तो पॉवर कमी पडून नाही, जास्त झालीय म्हणून. गणित बघ, २४ व्होल्ट एसी ब्रिजमधनं (एसीचं डीसी करणारे चार डायोड) गेला की कपॅसिटरवर २४ गुणिले १.४१४ वजा डायोडचा एखादा व्होल्ट, म्हणजे प्लस-मायनस ३३ च्या आसपास, लोड नसताना त्याहून जास्तच. आता या आयसीच्या डेटाशीटमध्ये (कंपनीच्या माहितीपत्रकात) ७० वॉटचा आकडा दिलाय तो ८ ओहमला प्लस-मायनस ३५ व्होल्टवर आणि ४ ओहमला फक्त २७ वर. तुझे दोन स्पीकर पॅरलल म्हणजे ४ ओहम झाले की रे! ३३ व्होल्टवर ४ ओहम लावलं की आयसीत जास्तीत जास्त ५५ वॉटपर्यंत नुसती उष्णता तयार होऊ शकते आणि आयसीची झेपायची हद्द आहे ५० वॉट, तीही त्याची पाठ ७० डिग्रीच्या आत असेल तर. आतलं तापमान १५० डिग्रीच्या घरात गेलं की तो स्वतःला बंद करून घेतो आणि थंड झाला की परत चालू. तू सांगतोयस ते तंतोतंत हेच आहे. आयसी तुला वाचवतोय.

३५-०-३५ टाकलास तर कपॅसिटरवर ४८ च्या वर जाणार, आणि रात्री लाइट २४५ व्होल्टच्या पुढं चढली की ५० ओलांडणार. या आयसीची सिग्नल नसतानाची शेवटची मर्यादाच प्लस-मायनस ५० आहे, चालवायची ४०. म्हणजे आयसी जाणार हे नक्की, आणि जाताना डीसी स्पीकरवर सोडून गेला तर कॉइलपण जळणार. कपॅसिटर ५० व्होल्टचे बसवले असशील तर तेही फुगतील.

बरं, एवढं करून मिळणार काय ते पण समजून घे, कारण ह्या एका गोष्टीपायी लोकं किती आयसी जाळतात आणि मला खरंच वाईट वाटतं. वॉट दुप्पट केले तर आवाज वाढतो ३ डेसिबल, म्हणजे कळेल न कळेल एवढाच. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट.

आज रात्रीच एक कर, पैसे लागत नाहीत. दोन्ही बाजूचा एकेक स्पीकर काढून टाक आणि तेवढ्याच मोठ्यानं तासभर लाव. बंद पडला नाही तर निदान पक्कं. मग चार स्पीकर हवेतच असतील तर २०-०-२० चा ट्रान्सफॉर्मर घे, बरोबर २७ व्होल्ट येतात, आवाजातला फरक २ डेसिबलच्या आत. नाहीतर आहे तोच ठेव आणि प्रत्येक बाजूला एकच चांगला स्पीकर लाव, मी असतो तर हेच केलं असतं.

हीटसिंक (आयसीची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) पण बघ, त्याच्या पट्ट्या उभ्या पाहिजेत आणि वर-खाली हवेला वाट पाहिजे. आयसीच्या पाठीला मायनस सप्लाय असतो हे लक्षात ठेव, मायका (मध्ये घालायची, करंट अडवणारी पातळ चकती) आणि स्क्रूचा प्लॅस्टिक बुश दोन्ही पाहिजेच, हीटसिंक पेस्ट मायकाच्या दोन्ही बाजूला पण अगदी पातळ. मी एकदा मायका न टाकता हीटसिंक पत्र्याच्या कॅबिनेटला आवळलं होतं, बटण दाबल्या दाबल्या ब्रिज आणि आयसी दोन्ही गेले, तेव्हापासून मीटरनं हीटसिंक आणि आयसीच्या पाठीत शॉर्ट नाही हे बघितल्याशिवाय मी लाइट देत नाही.

आता घुंघुं. ट्रान्सफॉर्मर बदलून ते जाणार नाही, ते वायरिंगमधलं आहे. आधी इनपुटची पिन काढून तिथं सिग्नल आणि ग्राउंड शॉर्ट कर. घुंघुं गेलं तर दोष केबलमध्ये नाहीतर मोबाईल-टीव्हीकडं. राहिलं तर अ‍ॅम्पच्या आत. बहुतेक वेळा चूक अशी असते की ट्रान्सफॉर्मरची मधली (०) वायर, दोन कपॅसिटरमधला जोड, इनपुटचं ग्राउंड आणि स्पीकरचं ग्राउंड सगळं जिथं जागा मिळाली तिथं डाग देऊन जोडलेलं असतं. ब्रिजमधनं कपॅसिटर सेकंदाला १०० वेळा झटक्यानं भरतो, तो करंट ज्या वायरीतनं जातो तिच्यावरच इनपुटचं ग्राउंड बसलं की तो झटका सरळ आवाजात येतो, करकरीत बझसारखा. म्हणून ट्रान्सफॉर्मरची मधली वायर दोन कपॅसिटरच्या मधल्या जोडावर संपव. तिथनं इंच-दोन इंच जाड वायरीनं बाजूला एक वेगळा पॉइंट काढ आणि बोर्डांची, स्पीकरची ग्राउंड वायर प्रत्येकी वेगळी त्या पॉइंटवर आण. इनपुटचं ग्राउंड मात्र आरसीए सॉकेटपासून (इनपुटची पिन बसते तिथून) बोर्डापर्यंत शिल्डेड वायरीनंच. एवढं करून हळू, जाडसर ५० हर्ट्झचं गुणगुणणं उरलं तर ट्रान्सफॉर्मर इनपुटच्या जवळ आहे, तो थोडा फिरवून बघ, नुसत्या दिशेनं पण फरक पडतो.

प्रश्न : माझ्या वडिलांनी स्वतः असेंबल केलेला २एन३०५५ ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प २०१९ च्या पुरात शाहूपुरीतल्या घरात पाण्यात होता. तेव्हापासून माळ्यावर आहे. वडील आता नाहीत. चालू करून बघू का?

उत्तर : ताई, कृपा करून सरळ प्लगला लावू नका, पण टाकूनही देऊ नका, असे अ‍ॅम्प परत वाजतात. आधी ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलनं गाळ साफ करा. मग ट्रान्सफॉर्मर सोडवून चांगला वाळवून उद्यमनगरात मोटर रिवाइंडिंगवाल्यांकडं न्या, त्यांच्याकडं मेगर (इन्शुलेशन मोजायचं मीटर) असतो, प्रायमरी (घरच्या लाइटला जोडलेलं वाइंडिंग) आणि लोखंडाच्या पट्ट्यांमध्ये इन्शुलेशन बघायला सांगा. एक-दोन मेगाओहमवर काटा अडकला तर तो वापरू नका, रिवाइंड करून घ्या.

सगळे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदला, स्पीकरच्या वाटेत मोठा असेल तर तोही, आणि व्हॉल्यूम पॉट नवा. ते धातूचे गोल ट्रान्झिस्टर मात्र मीटरवर बरे दाखवत असतील तर तेच ठेवा, कारण बाजारात २एन३०५५ नावानं डुप्लिकेट माल भरपूर येतो. पहिल्यांदा लाइट देताना सिरीज बोर्ड वापराच, १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब (एलईडी चालत नाही) फेजमध्ये सिरीजला. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, तसाच लख्ख पेटत राहिला तर कुठंतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करा. वडिलांच्या हातचे जोड जेवढे जसेच्या तसे ठेवता येतील तेवढे ठेवा, फक्त हिरवे पडलेले तेवढे परत डागा.

प्रश्न : ऑनलाइन १००० वॉटचा बोर्ड मिळतोय, माझ्याकडं २४-०-२४, ५ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर आहे, चालेल का?

उत्तर : ४८ गुणिले ५, तुमचा ट्रान्सफॉर्मर २४० व्हीएचा, म्हणजे फार तर २४० वॉटचा. त्यातनं १००० वॉट कुठनं येणार? बोर्डावरचा आकडा सोडा, ट्रान्सफॉर्मर, स्पीकरचे ओहम आणि हीटसिंक ह्या तीन गोष्टी लिहून पाठवा, मग किती निघेल ते सांगतो.