बाबांच्या वाट्याचं बाळ : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पत्नी शिक्षिका आहे. पुढच्या महिन्यात तिची रजा संपेल, तेव्हा मुलीला सहा महिने पूर्ण होतील. पावसात कलमांची कामं कमी, म्हणून दिवसभर मीच तिला सांभाळणार आहे. आईचं दूध काढून ठेवायचं ठरलंय, पण इथे वीज कधी जाईल याचा नेम नाही. आणि वरचं काय, किती द्यायचं? (राजापूर तालुका)

उत्तर : आधी दुधाचं बघू. उकळून घेतलेल्या, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या किंवा काचेच्या छोट्या डब्यांत, एका वेळेला संपेल एवढंच म्हणजे ६० ते ९० मिली दूध ठेवा. डब्यावर काढल्याची वेळ लिहा. २५ अंशांपर्यंतच्या खोलीत ते चार तास टिकतं. आपल्याकडे पावसातही हवा त्याहून गरम असते, तेव्हा दोन तासच धरा. फ्रीज अखंड चालू असेल तर चार दिवस चालतं, पण वीज जाणाऱ्या घरात २४ तासांच्या आत संपवा. डबे आत मागच्या बाजूला ठेवा, दारात नको. वीज गेली की फ्रीज उघडू नका. बंद फ्रीज साधारण चार तास गार राहतो.

ठेवलेल्या दुधावर स्निग्धांशाचा थर येतो आणि खाली पाणी दिसतं. फुटलं असं समजून बरेच जण ते ओतून देतात. ते फुटलेलं नसतं, डबा हलकेच गोल फिरवला की एकजीव होतं. कोमट करायला डबा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा. थेट गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नको, दूध कुठे गार तर कुठे कढत राहतं आणि तोंड पोळतं. पाजायला वाटी-चमचाच बरा. बाटलीचं बूच नीट स्वच्छ होत नाही. वाटीत उरलेलं दूध दोन तासांनंतर टाकून द्या.

वरच्या अन्नाची सुरुवात दोन-तीन चमच्यांनी, दिवसातून दोनदा. आठव्या महिन्यापर्यंत एका वेळेला अर्धी वाटी. मोड आणून, वाळवून दळलेल्या नाचणीचं पीठ पोह्याच्या चमच्याने एक चमचा घ्या, अर्धी वाटी गार पाण्यात कालवा आणि मगच गॅसवर ठेवून पाच-सात मिनिटं ढवळत शिजवा. पीठ गरम पाण्यात टाकलं की गुठळ्या होणारच. चमचा कलता केला तर खीर धारेने वाहू नये, हळूच घसरावी; पातळ खिरीने पोट भरतं, अंगी काही लागत नाही. पावसात मोड आलेली नाचणी नीट वाळत नाही आणि बुरशी धरते, म्हणून पीठ जूनच्या आधी करून कोरड्या डब्यात ठेवा. कुबट वास आला तर सगळं टाका. पुढे मूगडाळ घातलेला मऊ भात आणि अर्धा चमचा तूप. काही दिवसांनी वाफवलेलं पापलेटही द्या. एकेक कण बोटांनी चाचपून काटे काढायचे. वर्षाच्या आत मध अजिबात नको, मीठ-साखरही नको. आशाताईंकडे लोहाचं सिरप मिळतं, ते सहा महिन्यांनंतर १ मिली, आठवड्यातून दोनदा.

पत्नी रुजू होण्याआधी आठवडाभर हे सगळं तुम्हीच करा, तिने त्या वेळी दुसऱ्या खोलीत थांबावं. आई समोर असली की बाळ वाटीला तोंड लावत नाही. मग ‘बापाला जमत नाही’ हा निकाल लागतो, आणि तो अन्यायाचा असतो.

प्रश्न : आईचा आग्रह आहे की आंघोळीनंतर बाळाला शेगडीची धुरी हवीच. लंगोट दमट राहून मांड्यांत लाल झालंय. आईला दुखवायचं नाही. (वेंगुर्ले)

उत्तर : धुरी नको. धुराने बाळाच्या छातीला त्रास होतो, आणि दारं लावलेल्या खोलीत कोळशाचा विषारी वायू साठतो. आईंना अंगाला तेल लावायचं काम द्या, त्यांचा हात त्यात तयार असतो. नाका-कानात तेल तेवढं घालू नये. बाळाला अंघोळीनंतर लगेच टिपून गुंडाळलं की ऊब मिळते. वाळत घातलेले लंगोट पंख्याखाली ठेवा आणि वापरण्याआधी दोन्ही बाजूंनी इस्त्री फिरवा. घडीत गडद लाली आणि कडेला बारीक पुळ्या असतील तर ती बुरशी. खोबरेल आणि पावडरने ती जात नाही, डॉक्टरांकडून मलम घ्या.

प्रश्न : मी मुंबईत, बायको-मुलगा गावी. गणपतीला आलो तर नऊ महिन्यांचा मुलगा मला बघूनच रडतो. घरचे म्हणतात, बापाला विसरला. (गुहागर)

उत्तर : आठव्या-नवव्या महिन्यात बाळाला आपलं-परकं कळू लागतं, ते वाढीचंच लक्षण आहे. आल्याआल्या आईच्या कडेवरून ओढून घेऊ नका. ओटीवर खाली बसा, हातात झाकणाचा रिकामा डबा घ्या, उघडझाप करा आणि त्याच्याकडे टक लावून बघू नका. तो आपणहून रांगत येईल. दुसऱ्या दिवसापासून एक काम पूर्ण तुमचं, आंघोळ म्हणा किंवा रात्री झोपवणं. आरतीच्या गजरात बिथरला तर त्याला घेऊन मागच्या पडवीत जा.

मुंबईहून रोज ठरल्या वेळी दहा मिनिटं व्हिडिओ कॉल करा. दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नकोच, असं बालरोगतज्ज्ञांची भारतीय संघटना सांगते. घरच्यांशी असं बोलणं याला अपवाद. लसींच्या कार्डाचा फोटो तुमच्या फोनमध्ये असू द्या आणि तारखा तुम्हीच सांभाळा. नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाची पहिली लस आणि ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस. याच मुक्कामात उपकेंद्रावर तुम्ही घेऊन जा. या लसीचा ताप कधीकधी आठवड्याभराने येतो, तेव्हा तुम्ही परत गेलेले असाल. बायकोला आधी सांगून ठेवा.

प्रश्न : बाळंतपणासाठी वडिलांना रजा मिळते का? (अलिबाग)

उत्तर : केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला १५ दिवस, पूर्ण पगारी, हयात मुलं दोनपेक्षा कमी असतील तर. प्रसूतीच्या आधी १५ दिवसांपासून ते नंतर सहा महिन्यांपर्यंत ती घेता येते. नाही घेतली तर बुडते. इतर रजेला जोडताही येते. खासगी नोकरीत कायद्याची सक्ती नाही, कंपनीचा नियम बघावा लागेल. थोडीच रजा मिळणार असेल तर ती सगळी पहिल्या आठवड्यात संपवू नका, तेव्हा घरात माणसं असतात. माहेरची माणसं परत गेल्यावर काही दिवस घ्या, त्या दिवसांत बाळाच्या आईला तुमची खरी गरज असते.