बॅटरी बदलण्याआधी मीटर लावा

उन्हाळा चढू लागला की सोलापूर जिल्ह्यातून बॅटरी आणि चार्जिंगबद्दलची पत्रे वाढतात. त्यांतली पाच येथे घेतली आहेत. सगळ्या गाड्या पोटापाण्याच्या असल्याने उत्तरे जरा तपशिलात दिली आहेत. साधा डिजिटल मल्टिमीटर जवळ असला की यातली बरीचशी तपासणी दारात उभ्या गाडीवर होते.

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीतून चादरी-टॉवेलचे गठ्ठे पोहोचवायला आमची २०१४ची डिझेल व्हॅन आहे. वर्षभरात दोन बॅटऱ्या झाल्या, दोन्ही ६५ एएचच्या (अँपिअर-तास, बॅटरीच्या क्षमतेचे माप). शनिवारी संध्याकाळी लावलेली गाडी सोमवारी सकाळी सेल्फवर उठत नाही, धक्का मारावा लागतो. गाडी चालू असताना बॅटरीवर १३.१ व्होल्ट दिसतात. अल्टरनेटर गेला, नवा टाका, असे मेकॅनिक म्हणतात. टाकू का?

उत्तर : इतक्यात टाकू नका. १३.१ म्हणजे चार्जिंग अपुरे आहे, एवढे नक्की. पण अल्टरनेटर, म्हणजे इंजिनाच्या बेल्टवर फिरून बॅटरी भरणारे जनित्र, व्होल्ट कमी काढतो आहे की काढलेले व्होल्ट वाटेत गळताहेत, हे त्या एका आकड्यावरून ठरत नाही.

आधी बॅटरी बाहेरच्या चार्जरवर ६ अँपिअरने रात्रभर पूर्ण भरून घ्या. उतरलेली बॅटरी तशीच ठेवून पुढची मापे घेतली तर सगळे आकडे फसवतात. शिवाय पार उतरलेली बॅटरी भरण्याचे काम अल्टरनेटरवर टाकले की तो तासन्‌तास पूर्ण ताकदीने चालून तापतो. चार्जर काढल्यावर हेडलाइट दोन मिनिटे लावून बंद करा, तीन-चार तास थांबा आणि मोजा. १२.६ किंवा थोडे वर म्हणजे पूर्ण, १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. मग सेल्फ मारताना मीटर बघा. आकडा ९.६च्या खाली गेला तर बॅटरी कमजोर आहे किंवा स्टार्टर जास्त करंट ओढतो आहे.

आता इंजिन १५०० ते २००० आरपीएमवर धरा, हेडलाइट आणि ब्लोअर लावा. मीटरची लाल पिन अल्टरनेटरच्या जाड वायरच्या बोल्टवर, काळी अल्टरनेटरच्याच अंगावर. येथे १४ ते १४.४ मिळाले आणि बॅटरीवर मात्र १३.१च असले, तर अल्टरनेटर निर्दोष आहे. गळती शोधायला लाल पिन त्या बोल्टवर तशीच ठेवून काळी पिन बॅटरीच्या प्लसवर लावा, क्लॅम्पवर नव्हे, आतल्या शिशाच्या खुंटावर. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त आले तर जाड वायर, तिचे थिंबल (टोकाला बसवलेला धातूचा डोळा) किंवा क्लॅम्प खराब आहे. मग अल्टरनेटरचे अंग ते बॅटरीचा मायनस खुंट मोजा. येथे ०.२च्या वर नको.

जुन्या गाड्यांत या दुसऱ्या मापावर आमचा संशय आधी जातो. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते, त्यामुळे करंट बॅटरीच्या मायनसकडे परत यायला इंजिनाला जोडलेल्या अर्थिंगच्या पट्टीशिवाय भरवशाची वाट नसते. पट्टीच्या बोल्टखाली गंज, रंग किंवा ऑइल-धुळीचा थर जमला की तिथेच अर्धा-पाऊण व्होल्ट खर्ची पडतो. बॅटरीचा मायनस सोडवा, पट्टीची दोन्ही टोके उघडा, धातू चकाकेपर्यंत पॉलिश पेपरने घासा, घट्ट करा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. तारा हिरव्या पडल्या असतील किंवा तुटल्या असतील तर थिंबल दाबून बसवलेली २५ चौरस मिमीची नवी पट्टी टाका. हाताने पिळून बांधलेली वायर चालणार नाही.

अल्टरनेटरच्या बोल्टवरच १३.१ आले तर आधी बेल्ट बघा : आतून काचेसारखा गुळगुळीत झाला आहे का, सकाळी सुरू करताना किंचाळतो का, मधोमध अंगठ्याने दाबल्यावर साधारण १० मिमीपेक्षा जास्त दबतो का. बेल्ट ठीक असेल तर कार्बन ब्रश, म्हणजे अल्टरनेटरच्या फिरत्या भागाला टेकून करंट देणारे तुकडे, बघा. ५ मिमीपेक्षा आखूड झालेले ब्रश बदलायचे. बऱ्याच अल्टरनेटरमध्ये ब्रश आणि व्होल्ट आवरणारा रेग्युलेटर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत कटआउट, एकत्रच मिळतो आणि अख्ख्या अल्टरनेटरच्या मानाने फार स्वस्तात पडतो. शेवटी मीटर एसी व्होल्टवर करून चालू गाडीत बॅटरीवर लावा. ०.५पेक्षा जास्त एसी म्हणजे अल्टरनेटरचा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गेला.

उरला सोमवारचा प्रश्न. गाडी लॉक करून अर्धा तास थांबा. मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर घेऊन मायनस खुंट आणि त्याची सोडवलेली वायर यांच्यामध्ये जोडा. मीटर असा जोडलेला असताना चावी फिरवायची नाही, त्याचा फ्यूज जाईल. ५० मिलिअँपिअरपर्यंतची ओढ चालते. समजा ४०० निघाली. ३६ तासांत १४ एएचहून जास्त गेले. पूर्ण भरलेली ६५ एएचची बॅटरी एवढ्याने बसत नाही, पण १३.१ व्होल्टवर कायम अर्धपोटी राहिलेली बसते. तुमच्या गाडीत हे दोन्ही दोष एकत्र आले असण्याची शक्यता आम्हाला मोठी वाटते. ओढ जास्त असेल तर फ्यूज एकेक काढत जा, आकडा खाली येईल ती लाइन धरा. बाहेरून जोडलेला म्युझिक सिस्टीम आणि ट्रॅकर आधी तपासा. सगळे फ्यूज काढूनही आकडा हलला नाही तर अल्टरनेटरला हात लावा. रात्रभर बंद गाडीत तो सकाळी कोमट लागत असेल तर त्याचा डायोड उलटा करंट सोडतो आहे.

प्रश्न : मंगळवेढा भागात शेतावर जाऊन पंपांची दुरुस्ती करतो. व्हॅनमध्ये इन्व्हर्टर आहे, त्यावर ६०० वॉटचा ग्राइंडर चालतो. ६५ अँपिअरचा अल्टरनेटर असूनही बॅटरी पुरत नाही. मोठा अल्टरनेटर बसवावा का?

उत्तर : आधी हिशेब बघा. ६०० वॉट म्हणजे १२ व्होल्टला ५० अँपिअर, इन्व्हर्टरची घट धरून ५५च्या पुढे. गाडी बंद ठेवून एकूण अर्धा तास ग्राइंडर चालला की २७-२८ एएच संपले. ६५ अँपिअर हा आकडा इंजिन फिरते असतानाचा आहे. आयडलिंगला त्याच्या निम्म्याच्या आसपास मिळतात आणि त्यातलेही गाडी स्वतः वापरते. एका वस्तीवरून दुसऱ्या वस्तीवर जायच्या वीस मिनिटांत गेलेले भरून निघत नाही. दिवसभरात तूट साठत जाते.

मोठ्या अल्टरनेटरने हे सुटणार नाही, कारण स्टार्टरसाठी बनलेली बॅटरी रोज खोल उतरवली की तिच्या प्लेटा लवकर मरतात. कामासाठी वेगळी १०० एएचची डीप-सायकल (रोज खोल उतरवण्यासाठी बनलेली) बॅटरी बसवा. दोन्हींच्या मध्ये व्होल्टेजवर चालणारा रिले, म्हणजे आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच, टाका. साधारण १३.३ व्होल्टला तो जोडतो आणि १२.८च्या आसपास तोडतो, त्यामुळे सेल्फची बॅटरी शाबूत राहते. वायर २५ चौरस मिमी, आणि दोन्ही बॅटऱ्यांच्या प्लसपासून ३० सेंमीच्या आत १०० अँपिअरचा एकेक फ्यूज. फ्यूज टाळू नका. कच्च्या रस्त्यावर पत्र्याला घासून वायर सोलली गेली तर आग लागते. पाण्याची बॅटरी बंद टपात ठेवायची असेल तर तिची वाफ बाहेर जायला नळी हवीच. त्या वाफेत हायड्रोजन असतो आणि ग्राइंडरची ठिणगी त्याला पुरते. गाडी बीएस-६ असेल तर रिलेऐवजी डीसी-टू-डीसी चार्जर (दुसरी बॅटरी ठरलेल्या व्होल्टने भरणारा) घ्या. अशा अनेक गाड्यांत संगणक चार्जिंगचे व्होल्ट मुद्दाम वर-खाली करतो, मग रिले गोंधळतो.

प्रश्न : पंढरपुरात आमचे वायरमन चालू गाडीत बॅटरीचे टर्मिनल काढून बघतात. गाडी चालू राहिली तर अल्टरनेटर चांगला. ही पद्धत बरोबर आहे का?

उत्तर : नाही. कृपया करू देऊ नका. अल्टरनेटरच्या व्होल्टची उसळी बॅटरी शोषून घेते. ती अचानक सुटली की व्होल्टेज क्षणभर कितीतरी पटीने चढते आणि डायोड, कटआउट, ईसीएम (इंजिनाचा संगणक) यांपैकी काहीही जाऊ शकते. शिवाय गाडी चालू राहिली तरी चार्जिंग १३ आहे की १५, हे त्यातून कळत नाही.

प्रश्न : अक्कलकोटहून लिहितो. डिझेल पिकअप आहे. चावी दिल्यावर बॅटरीचा लाल दिवा लागत नाही, इंजिन रेस केल्यावरच चार्जिंग धरते. काही दिवसांपासून ब्रेकही जड लागतो. दोन्हींचा संबंध आहे का?

उत्तर : असू शकतो, आणि ब्रेक आधी बघा. गाडी बंद असताना पेडल चार-पाच वेळा दाबा, मग दाबून धरूनच सुरू करा. पेडल किंचित खाली गेले पाहिजे. गेले नाही तर माल भरून रस्त्यावर काढू नका.

काही डिझेल गाड्यांत ब्रेक हलका ठेवणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या पाठीलाच असतो. तुमच्या गाडीत तसे असेल तर पंपाकडचे सील गळून ऑइल ब्रशवर येते. ब्रश नीट टेकत नाहीत. दिव्यातून जाणारा करंटच रोटरला, म्हणजे अल्टरनेटरच्या फिरत्या भागाला, सुरुवातीचे चुंबकत्व देतो, म्हणून दिवा लागत नाही तेव्हा चार्जिंगही उशिरा धरते. जुन्या, बल्बवाल्या मीटरच्या गाडीत खात्री अशी करा : चावी देऊन अल्टरनेटरची बारीक वायर काढा आणि इंजिनाच्या अंगाला टेकवा. दिवा लागला तर बल्ब आणि वायर चांगले, दोष आत आहे. जाड वायरला मात्र हात नाही, तिच्यात कायम करंट असतो. अल्टरनेटर उघडलाच तर सील, ब्रश आणि पंपाची पाती एकदमच बघून घ्या.

प्रश्न : बॅटरीत बोअरचे पाणी चालते का? (बार्शी)

उत्तर : नाही, आणि फिल्टरचेही नाही. फक्त डिस्टिल्ड. बोअरच्या पाण्यातले क्षार प्लेटांवर बसतात. ॲसिडही घालू नका, उडते ते फक्त पाणी. प्लेटांच्या वर १० ते १५ मिमी पुरे, उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी बघा. वरचेवर पाणी लागत असेल तर चालू गाडीत व्होल्ट मोजा. १४.८च्या वर असतील तर कटआउट जास्त चार्ज करतो आहे. एकाच कप्प्याला सतत पाणी लागत असेल आणि हायड्रोमीटरवर (ॲसिडची घनता मोजणाऱ्या नळीवर) तो इतरांपेक्षा ०.०५०ने मागे असेल, तर तो सेल गेला. अशी बॅटरी मात्र बदलाच.