विळी घरात आहे, पण भाजी चिरली का?

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा प्रस्ताव काल रात्री दोनदा वाचला. ‘गालाच्या कॅन्सरमध्ये कॅस्पेज-३ किती आढळतं’ हा प्रश्न मला आवडला. कॅस्पेज-३ म्हणजे पेशीला आतून कापून मारणारं एन्झाइम. पण त्या प्रश्नात एक खड्डा आहे आणि मी स्वतः त्यात पडले आहे, म्हणून लिहिते.

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी अख्ख्या कॅस्पेज-३ ची अँटिबॉडी (त्याला चिकटून रंगाने ते दाखवणारं प्रथिन) लावली. स्लाइड छान तपकिरी झाली आणि ‘पेशी मरताहेत’ असं वहीत लिहून मोकळी झाले. पण हे एन्झाइम जिवंत पेशीतही असतंच, निद्रिस्त. त्याचा ३५ किलोडाल्टनचा (हे रेणूच्या वजनाचं माप) रेणू कापला गेला, १७-१९ चा तुकडा सुटा झाला, की ते कामाला लागतं. विळी घरात असणं वेगळं, भाजी चिरली जाणं वेगळं. म्हणून तू कापलेल्या रूपाची अँटिबॉडी वापर, आणि शेजारी पीएआरपीचा, म्हणजे कॅस्पेज-३ ज्याला कापतं त्या प्रथिनाचा, ब्लॉट (वजनानुसार प्रथिनांचे पट्टे दाखवणारी चाचणी) लाव. ११६ चा पट्टा ८९ वर उतरलेला दिसला, तर कात्री खरोखर चालली आहे.

आता त्याच कुळातलं कॅस्पेज-८. ते तू एका ओळीत उरकलंस, ते मला पटलं नाही. मृत्यूचा बाहेरून आलेला निरोप पेशीत शिरतो तो याच दारातून. भारतीय चमूने २०१३ साली हिरडी-गालाच्या कॅन्सरच्या ५० रुग्णांचे एक्झोम (डीएनएतले प्रथिनं घडवणारे भाग) वाचले, आणखी ६० जणांत पडताळा घेतला, त्यात वारंवार बिघडलेल्या जनुकांत कॅन्सरला आवर घालणाऱ्या टीपी-५३ च्या जोडीला कॅस्प-८, म्हणजे कॅस्पेज-८ चं जनुक, होतं. खारघरचं ॲक्ट्रेक, टाटा मेमोरियलचं संशोधन केंद्र, त्या कामात होतं. म्हणजे हा आपल्या दाराशी असलेला प्रश्न आहे. शिवाय हे एन्झाइम फक्त मारत नाही, आरआयपीके-१ आणि ३ या प्रथिनांना आवरून नेक्रोप्टोसिसलाही, म्हणजे पेशी फुटून मरण्याच्या वाटेलाही, लगाम घालतं. ते गेलं तर पेशी अमर होईल की दुसऱ्या वाटेने फुटेल, हे तपासल्याशिवाय लिहू नकोस.

आणि मरणारी पेशी नेहमी आपल्या बाजूची असते असंही धरू नकोस. रेडिएशननंतर मरत्या पेशीतलं कॅस्पेज-३ प्रोस्टाग्लँडिन ई-२ या निरोप्या रसायनाचा स्राव वाढवून शेजारच्या गाठीला वाढायला बळ देतं, असं उंदरांतल्या प्रयोगांत दिसलं आहे. त्यामुळे जास्त कॅस्पेज म्हणजे रुग्ण बरा होणार, हे समीकरण प्रस्तावातून काढून टाक.

ओपीडीतल्या फॉर्मवर ‘तंबाखू: हो/नाही’ एवढंच छापलेलं असतं. तू मात्र बसून विचार. खर्रा, मावा की मिश्री, सुपारी किती, रात्री तोंडात ठेवून झोपतात का, कोणत्या गालात धरतात. बहुतेक जण बोटाने दाखवतात, आणि पुष्कळदा व्रण तिथेच असतो. काहींचं तोंड दोन बोटंही उघडत नाही, तेव्हा घाई करू नकोस.

सोमवारी पहिल्या दहा स्लाइड घेऊन ये. पॉझिटिव्ह कंट्रोल, म्हणजे रंग येणारच अशी खात्रीची स्लाइड, विसरू नकोस.

तुझी,
मॅडम