कुत्र्याला घरचं खाणं सुरू करतेयस ना, मग हे वाच

अगं पहिल्याच दिवशी वाटीभर चिकन-भात नको देऊस, मी कोथरूडच्या फ्लॅटमध्ये हाच उद्योग केलेला आणि रात्री दोनला फरशी पुसत बसलेले. एक-दोन चमच्यांनी सुरू कर. पॅकेटचं खाणं चालूच ठेव, घरचं दिवसाच्या कॅलरीच्या 10 टक्क्यांपर्यंतच, जास्त द्यायचं तर आधी व्हेटला विचार कारण नुसत्या चिकन-भातात कॅल्शियम पुरत नाही. बोनलेस चिकन साध्या पाण्यात उकड, मीठ-मसाला काही नको, सोबत मंडईतला लाल भोपळा वाफवून. आणि आपल्या रश्श्यातलं चिकन धुऊन द्यायचा शॉर्टकट अजिबात नाही हं, कांदा-लसूण कुत्र्यांना विषारी, धुतलं तरी आत मुरलेलं असतंच. शिजलेली हाडं, द्राक्षं, बेदाणेपण नकोत. घरात आजी असेल तर शिरा करताना तिच्यावर नजर ठेव!