वाचक विचारतात: कोलोरॅडोच्या खिंडी, बाईक आणि ओस पडलेल्या खाणी

प्रश्न : नमस्कार दादा, मी ठाण्याचा. बुलेटवर लेह, खारदुंगला सगळं झालंय. जुलैमध्ये मुलाकडे डेन्व्हरला जातोय, तिथे बाईक भाड्याने घेऊन सिल्व्हर्टन-उरे भागातले डोंगर आणि जुनी खाणगावं बघायचीत. खारदुंगला साडेसतरा हजार फूट, तिथल्या खिंडी तेरा हजारांच्या आत-बाहेर, मग जमेलच ना? कुठून सुरुवात करू?

उत्तर : काका, जमेल, पण उंचीच्या आकड्यावर जाऊ नका. खारदुंगलाला सैन्यासाठी नीट देखभाल केलेला रस्ता आहे, गाड्यांची वर्दळ आहे, चहा मिळतो. सिल्व्हर्टन-उरे भागातल्या सॅन हुआन डोंगरातले हे रस्ते मोटारींसाठी कोणी आखलेच नाहीत, खाणीतून चांदीचा दगड खाली आणायला खेचरांसाठी आणि घोडागाड्यांसाठी ज्या वाटा कापल्या त्याच आज आपल्याला चालवायला मिळतात, त्यामुळे चढ उभा, दगड सुटे आणि वळणं अशी की एका झटक्यात बाईक फिरत नाही. मला हा भाग इतका आवडतो तो याच्यामुळेच. खिंड चढताना प्रत्येक वळणाला, इथे कोणीतरी का आलं असेल, याचं उत्तर समोर दिसतं, एखादा कोसळलेला लाकडी मनोरा, पिवळट दगडांचा ढीग, नाहीतर दरीवर लोंबकळणारी तार.

सुरुवात अल्पाईन लूपने करा. साधारण ६५ मैलांचा कच्चा रस्ता, सिल्व्हर्टन, लेक सिटी आणि उरे जोडणारा, दोन मोठ्या खिंडी, सिनॅमन (१२,६४० फूट) आणि इंजिनिअर (१२,८०० फूट). पहिल्या दिवशी सिल्व्हर्टनहून अॅनिमस फोर्क्सपर्यंतच जा आणि परत या, तेवढा रस्ता बराच सोपा आहे आणि ११,२०० फुटांवर ते ओस गाव आख्खं उभं आहे. १८७३ मध्ये तिथे पहिली झोपडी बांधली, दहा वर्षांत शेकडो माणसं राहायला लागली, टपाल कचेरी आली, आणि १८८४ च्या हिवाळ्यात सलग २३ दिवस बर्फ पडत राहिलं तेव्हा लोकांना एका घरातून दुसऱ्या घरात जायला बर्फात बोगदे खणावे लागले असं सांगतात. पुढे १९०४ मध्ये गोल्ड प्रिन्स नावाची मोठी गिरणी बांधली (दगड भरडून त्यातला धातू वेगळा काढणारी), ती १९१० लाच बंद पडली आणि गाव ओसरलं. डंकन यांचं घर नक्की बघा, त्याची पुढे आलेली मोठी खिडकी पाहून वाटतं, एवढ्या उंचीवर इतक्या हौसेने घर बांधणारा माणूस कायमचं राहायला आला होता.

ही सगळी जमीन आधी तिथल्या मूळच्या यूट आदिवासी लोकांची. १८७३ च्या ब्रुनो कराराने ती त्यांच्याकडून काढून घेतली, त्यानंतरच खाणवाल्यांचा लोंढा आला, हे तिथल्या पाट्या वाचताना लक्षात ठेवा. आणि चांदीचा बाजार बसला तो १८९३ मध्ये, सरकारने चांदी विकत घेण्याचा कायदा रद्द केला तेव्हा. ज्यांच्याकडे सोनंही निघत होतं त्या खाणी तगल्या.

बाईकबद्दल. डेन्व्हर ५,२८० फूट, सिल्व्हर्टन ९,३१८ फूट, खिंडीच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्क्यांच्या वर थोडाच. इंजिनची ताकदही जवळपास तेवढीच उरते. फ्युएल इंजेक्शनवाली घ्या, कार्बोरेटरवाल्या बाईकमध्ये पेट्रोल जास्त आणि हवा कमी होऊन गुदमरल्यासारखं चालतं. हलकी ड्युअल स्पोर्ट (डांबरी आणि कच्च्या दोन्ही रस्त्यांवर चालणारी) बरी, मोठी जड बाईक सुट्या दगडावर पडली की एकट्याने उचलत नाही आणि तेवढ्या उंचीवर उचलायला दमही राहत नाही. पेट्रोल सिल्व्हर्टनला फुल करा, वर पंप नाही. चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, उतरणाऱ्याने थांबायचं, हा तिथला नियम सगळे पाळतात. आपल्या लायसन्सबरोबर इंटरनॅशनल परमिट ठेवा आणि भाड्याच्या कंपनीला आधीच विचारा की कच्च्या रस्त्यावर न्यायला परवानगी आहे का, बहुतेकांचा करार तिथेच अडतो.

जुलै-ऑगस्टमध्ये तिथेही पावसाळा असतो, सकाळ निळीशार आणि दुपारी अचानक वीज. साडेअकरा हजार फुटांच्या वर झाडं नाहीत म्हणजे सगळ्यात उंच वस्तू तुम्ही आणि तुमची बाईक. बारापर्यंत खिंड ओलांडून खाली आलंच पाहिजे, यात तडजोड नको.

इमोजेन खिंड (१३,११४ फूट) दुसऱ्या वेळी, मुलगा बरोबर असेल तर. उरेकडून चढताना वाटेत कॅम्प बर्ड खाण लागते. थॉमस वॉल्श यांना १८९६ मध्ये तिथे सोनं सापडलं आणि ते गडगंज झाले, आणि त्यांची मुलगी एव्हलिन हिने पुढे होप हिरा विकत घेतला, तोच जो आपल्याकडे गोवळकोंड्याच्या खाणीतला मानला जातो. मला हे कळलं तेव्हा तो डोंगर एकदम जवळचा वाटायला लागला.

प्रश्न : आम्ही डेन्व्हरमध्येच राहतो, मराठी मंडळाचे चार-पाच जण बाईकवर जातो. खाणीचं उघडं तोंड दिसलं तर टॉर्च घेऊन शंभर फूट आत जायला काय हरकत आहे? फोटो छान येतात.

उत्तर : ताई, नका जाऊ. दहा फूटसुद्धा नाही. आत ऑक्सिजन कमी असलेली हवा साचते, तिला वास नाही, रंग नाही, माणूस बसल्या जागी शुद्ध हरपतो आणि त्याला ओढायला गेलेलाही पडतो. जमिनीतच सरळ खाली जाणारे खड्डे असतात, त्यावर सडलेल्या फळ्या किंवा काठोकाठ पाणी, टॉर्चच्या उजेडात ती साधी जमीनच वाटते. जुन्या डायनामाईटमधून नायट्रोग्लिसरीन पाझरून बाहेर येतं, अशा कांडीला हात लावायचा नाही.

खाणकामगारांना स्वतःलाही डोंगर फसवायचा. सनीसाईड खाणीत वरच्या एमा तलावाच्या तळाच्या जवळ खोदत गेले आणि ४ जून १९७८ ला आख्खा तलाव खाणीत कोसळला. तो रविवार होता, आत कोणी नव्हतं, म्हणून सगळे वाचले. जाणकार माणसं रोज आत जात होती तिथे ही गत, तर शंभर वर्षं कोणी न पाहिलेल्या बोगद्याचा भरवसा कसा धरायचा? काही तोंडांवर लोखंडी गज बसवलेत, वटवाघळांना जाता यावं आणि माणसांनी जाऊ नये म्हणून, ते वाकवू नका.

आत जायचंच असेल तर सिल्व्हर्टनजवळ ओल्ड हंड्रेड खाणीत छोट्या ट्रेनने डोंगराच्या पोटात नेतात, यंत्रं चालवून दाखवतात, मुलांनाही न्या. आणि मेफ्लॉवर गिरणी, १९९१ पर्यंत चालू होती, खाणीतला दगड तिच्याकडे आणणाऱ्या तारेवरच्या लोखंडी बादल्या अजून दरीवर लटकतायत, फोटो काढायचे तर ते. खिळा, बाटली, काहीही खिशात घालू नका, सरकारी जमिनीवरच्या जुन्या वस्तू उचलणं गुन्हा आहे आणि बऱ्याच खाणी अजून खाजगी मालकीच्या आहेत.

प्रश्न : ओढ्यांचं पाणी नारिंगी का दिसतं? फिल्टर करून प्यावं का?

उत्तर : पिऊ नका. दगडातल्या पायराईटला (लोखंड आणि गंधक असलेलं खनिज) पाणी आणि हवा लागली की आम्ल तयार होतं, ते लोखंड, जस्त, शिसं, कॅडमियम विरघळवून घेऊन येतं, आणि लोखंड दगडावर गंजासारखं बसतं. काही रंग नैसर्गिक आहे, रेड माउंटन तर खाणींच्या आधीपासून लाल. पण ५ ऑगस्ट २०१५ ला गोल्ड किंग खाणीत साठलेलं पाणी सफाईचं काम चालू असताना फुटलं, जवळपास ३० लाख गॅलन, आणि अॅनिमस नदी पिवळीधमक झाली, खाली न्यू मेक्सिकोतल्या नवाहो आदिवासी शेतकऱ्यांनी पाणी घेणं थांबवलं. ट्रेकिंगचा साधा फिल्टर जंतू अडवतो, विरघळलेले धातू नाही. उकळूनही ते जात नाहीत. माणशी तीन लिटर सिल्व्हर्टनमधूनच भरून घ्या.