आधी कोणाकडे जायचं?

प्रिय,
अनेक उत्तम आशीर्वाद.

चक्कर येते म्हणून थेट न्यूरोलॉजिस्टची वेळ घ्यावी का, असं विचारलं आहेस. आधी फॅमिली डॉक्टरांकडे जा. तज्ज्ञ नकोत असं नाही, पण कुठल्या तज्ज्ञाची गरज आहे हेच अजून ठरायचं आहे. चक्कर कानामुळे येते, हृदयाचे ठोके चुकल्याने येते, रक्त कमी असलं तरी येते, रक्तदाबाच्या गोळ्यांनीही येते. मेंदूमुळे येते, तशीच नुसत्या उपासानेही येते. तज्ज्ञ साहजिकच आपल्या विषयाच्या बाजूने शोध सुरू करतात. चुकीच्या दारात उभं राहिलं तर तिथलं सगळं नॉर्मल येतं आणि चक्कर तशीच राहते.

कूस बदलली की खोली गरगर फिरते आणि मिनिटभरात थांबते, असं तुझं होत असेल तर बहुधा दोष आतल्या कानात आहे. तिथले कॅल्शियमचे बारीक कण जागा सोडून भलत्याच नलिकेत शिरलेले असतात. डॉक्टर तुला टेबलावर बसवतील, मान ४५ अंश वळवतील आणि झटकन आडवं करतील, डोकं टेबलाच्या कडेखाली जरासं झुकलेलं. बुबुळं ठरावीक पद्धतीने थरथरली की निदान झालं. मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांनी १९५२ मध्ये मांडलेली ही तपासणी. यंत्र लागत नाही, एमआरआयही सहसा लागत नाही. मग डोकं टप्प्याटप्प्याने फिरवून ते कण तिथल्या तिथे त्या नलिकेतून बाहेर काढता येतात.

‘सगळ्या तपासण्या करून मोकळं व्हावं’ असंही तू लिहिलं आहेस. इथे जरा थांब आणि हिशोब कर. समज, एखादी तपासणी आजारी लोकांपैकी ९५ टक्क्यांना अचूक पकडते आणि निरोगी लोकांपैकी ९५ टक्क्यांना निरोगीच दाखवते. हजार लोकांत आजारी फक्त १०. सरसकट सगळे तपासले तर ते १० जवळपास सगळे सापडतील, पण ९९० निरोग्यांपैकी सुमारे ५० जणांचा रिपोर्टही पॉझिटिव्ह येईल. म्हणजे दर सहा पॉझिटिव्हमागे खरा आजारी एक. आता लक्षणं पाहून असे लोक निवडले की ज्यांच्यात शंभरात २० आजारी आहेत, तर पाच पॉझिटिव्हमागे चार खरे निघतात. तपासणी तीच, तज्ज्ञही तेच! ही निवड फॅमिली डॉक्टर करतात, आणि तज्ज्ञाच्या कौशल्याला धार येते ती त्यामुळे. शिवाय तुझा नेहमीचा रक्तदाब किती, वजन कधी उतरलं, हे वर्षानुवर्षं पाहणाऱ्या माणसाला न सांगता कळतं.

काही वेळा मात्र दवाखान्यात रांग लावत बसू नकोस. चक्करेसोबत तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या किंवा छाती दाबल्यासारखी झाली, तर थेट मोठ्या रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग गाठ. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देतात. अपस्मार किंवा टाइप १ मधुमेहासारखा आजार आधीच ठरलेला असेल, तर त्याचे नियमित उपचार तज्ज्ञांकडे असणंही योग्यच.

फॅमिली डॉक्टर प्रत्येक भेटीत नुसती गोळी बदलत राहिले, तर सरळ विचार: ‘तुम्हाला काय वाटतंय, आणि किती दिवसांत फरक पडला नाही तर पुढे पाठवाल?’ चांगल्या डॉक्टरांना याचा राग येत नाही. उत्तर मिळालंच नाही, तर तज्ज्ञांसाठी चिठ्ठी मागून घे. त्या चिठ्ठीत त्रास कधीपासून आहे, काय तपासलं, कुठली औषधं चालू आहेत आणि तज्ज्ञांकडून नेमकं कशाचं उत्तर हवं आहे, हे सगळं असायला हवं. नसेल तर तिथेच लिहून माग.

तुझा,
काका